कोण लागतो तुमचा?

सिंधूताई गेल्याचं मला मंदानं फोनवर सांगितलं. वर्ध्याच्या कोर्टात जेवणाची सुट्टी झाली होती, बाररूममध्ये डबे उघडले जात होते, कुणाच्या तरी केसवरून हसणं चाललं होतं. "वकीलबाई, बाई गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला. मंदा म्हणजे सिंधूताईंची भावजय, त्यांच्या धाकट्या भावाची विधवा. मुळातच कमी बोलणारी. त्यात गेली काही वर्षं एकाच घरात राहून या दोघी एकमेकींशी कामापुरतंही बोलत नव्हत्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात मात्र शेवटपर्यंत सिंधूताईंच्या उशाशी मंदाच होती. ती त्यांचे पाय चेपायची, तोंड पुसायची, डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारायची... आणि सिंधूताईंनी काही विचारलं की खिडकीबाहेर बघायची.

मी आदल्या आठवड्यात भेटून आले होते. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, हातापायांवर सूज होती. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नुकत्याच पकडलेल्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरबद्दल. "जामीन झाला का त्याचा?" मी म्हटलं, झाला. "मारलं तर नाई?" नाही म्हटलं, मी स्वतः त्याला विचारलं. तेव्हा त्यांनी डोळे मिटले. आज त्यांना जाऊन महिना होत आला. गावोगावची माणसं अजून मला विचारतात, की ताई आजारी होत्या हे आम्हाला कुणी कळवलं कसं नाही. काय सांगायचं? त्यांनीच कळवू दिलं नव्हतं. दवाखान्यात येऊन गर्दी करण्यापेक्षा लोकांनी दुसरीकडे जाऊन बसावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची माझी ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी नुकतीच सनद घेतली होती आणि एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम शिकत होते. सिंधूताई केळझरच्या अलीकडे एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होत्या. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मुलीला शिकवायचं ठरवलं. सिंधूताई घरातल्या पहिल्या पगारदार. धाकटा भाऊ अशोक जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायच्या कामावर होता. जिनिंगमधली पाण्याची मोटार चोरीला गेली आणि पोलिसांनी कामगारांतली काही पोरं उचलली, त्यात अशोक होता. तिसऱ्या दिवशी निरोप आला, की छातीत कळ येऊन तो कोठडीतच गेला. ठाण्याचं नाव मी इथं लिहीत नाही, तिथल्या फौजदाराचंही नाही. त्याची मुलं आज नोकरीधंद्याला लागली आहेत, त्यांचा यात काही दोष नाही.

प्रेताला आंघोळ घालताना सिंधूताईंनी भावाची पाठ पाहिली होती. तळपाय पाहिले होते. आमच्या ऑफिसात बसून त्यांनी ते सगळं मला सांगितलं, वर्गात शुद्धलेखन घालावं तसं, एकेक शब्द सुटा करून. मी लिहून घेत होते. मंदा शेजारी पदर तोंडाशी धरून बसली होती. सगळं सांगून झाल्यावर सिंधूताई म्हणाल्या, "मी दोन्ही दिवस शाळा सुटल्यावर ठाण्यात गेलती. ते म्हणे इथं नाई तो, घरी जा, येईल सकाळी. अन् मी घरी गेली, वकीलबाई. तो आत होता अन् मी घरी जाऊन भाकरी टाकल्या. मी तिथंच बसून राह्यली असती, तर हात उचलताना त्यायनं एकदा तरी दाराकडे पाह्यलं असतं." पुढे त्यांनी वीस-एक वर्षं जे केलं, त्याचं सगळं मूळ या वाक्यात होतं. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. मी ते लिहूनही घेतलं नाही, कारण खटल्याच्या दृष्टीनं त्याचा काही उपयोग नव्हता.

खटल्याला उपयोगी होता तो सुभाष. सुभाष गावोगाव फिरून भंगार गोळा करायचा. कुठं काही चोरीला गेलं की पोलीस आधी त्याच्याकडे जायचे. तोही त्या दिवसांत त्याच कोठडीत होता. अशोकच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या दिवशी तो सिंधूताईंच्या अंगणात आला, सगळ्यांसमोर रडला आणि फौजदारानं काय काय केलं ते त्यानं सांगितलं. पुढे चौकशीत जबाबही दिला. या एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या जोरावर खटला उभा राहिला. तारखा पडू लागल्या. तारखांचं काय असतं हे मी वेगळं सांगायला नको.

मधल्या काळात सिंधूताईंचं बसणं सुरू झालं. वस्तीतल्या एका मुलाला मारामारीच्या तक्रारीवरून नेलं होतं. त्या शाळा सुटल्यावर तशाच ठाण्यात गेल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. ठाणे अंमलदारानं विचारलं, काय काम आहे? त्या म्हणाल्या, "या पोराले आणलं तुमी. त्याले कधी कोर्टात नेता, ते पाह्यासाठी बसली." "कोण लागतो तुमचा?" "भाऊ." अंमलदार हसला. बाई पन्नाशीकडे झुकलेली, पोरगं विशीतलं. पण बसू नका असं म्हणायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. त्या दिवे लागेपर्यंत बसल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी पुन्हा हजर झाल्या, आणि मुलगा धड अंगानं कोर्टापुढे आला.

मग लोक बोलवायला येऊ लागले. पारध्यांच्या बेड्यावरच्या झोपड्यांतून, मोहल्ल्यातून, वडनेरकडच्या खेड्यांतून. सिंधूताई शाळेनंतर जायच्या, रविवारी जायच्या, रजा टाकून जायच्या. कायद्यातलं मी त्यांना शिकवलं. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, डॉक्टरला दाखवलं पाहिजे. पण त्या ठाण्यात कायदा बोलायच्याच नाहीत. भांडायच्या नाहीत, घोषणा नाहीत, निवेदन नाही. "कोण लागतो?" "भाऊ." बस्स. पुढे पुढे पोलिसांत त्याचा विनोदच झाला, की या बाईला भाऊ तरी किती! एक हवालदार चांगला होता, तो त्यांना चहा पाठवायचा. बाकीच्यांना त्या डोळ्यांत खुपायच्या. कुणीतरी शिक्षण खात्याकडे अर्ज केला, की शिक्षिका शाळा सोडून गुन्हेगारांच्या मागे फिरतात. कारणे दाखवा नोटीस आली. रजा न टाकता शाळेच्या वेळेत त्या एकदाही गेलेल्या नव्हत्या, त्यामुळे खात्याला काही करता आलं नाही, पण बदली झालीच, आणि ती अशी की घर गाठायला दोन एसट्या बदलाव्या लागाव्यात.

गावातले लोकही बरोबर होते असं नाही. बाजारातले एक किराणा व्यापारी त्यांना तोंडावर "चोरांची ताई" म्हणायचे. एकदा माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "बाई, ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्या घरी नाई जात तुमी कधी. चोरासाठी काऊन बसता?" सिंधूताई म्हणाल्या, "त्याच्यासाठी पोलीस आहेत ना, शेठजी. आतल्याले कोन आहे?" पुढे त्याच शेठजींच्या मुलाला सट्ट्याच्या भानगडीत उचललं. शेठजी स्वतः शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. सिंधूताई त्यांच्या स्कूटरवर मागे बसल्या. ठाण्यात तोच प्रश्न आला, आणि त्यांनी तेच उत्तर दिलं.

ऐकायला हे सगळं छान वाटतं. पण त्या स्वतः कधी खूश नव्हत्या. शाळेची सहल केळझरला गणपतीच्या टेकडीवर गेली होती, त्या दिवशी दुसऱ्या एका गावच्या मजुराला नेलं, आणि त्याचा एक कान कायमचा गेला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मला म्हणायच्या, "मी एकटी किती ठिकानी बसू, सांग." दरम्यान सर्वोच्च न्यायालयानं अटकेबाबत नियम घालून दिले, ठाण्याठाण्यात पाट्या लागल्या. त्यांच्या नेहमीच्या बाकाच्या बरोबर वरच एक पाटी आली. मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्यांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या, आणि पाटीखाली बसून राहिल्या.

नव्वदचं दशक संपता संपता अशोकचा खटला सुनावणीला आला. सुभाष पिंजऱ्यात उभा राहिला आणि शपथेवर म्हणाला, की मी तेव्हा झोपलो होतो, मला काही माहीत नाही, जबाब कुणी लिहिला तेही माहीत नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं. तो खाली उतरताना सिंधूताईंकडे बघत नव्हता. फौजदार निर्दोष सुटला. कोर्टाच्या आवारात त्याच्या गळ्यात कुणीतरी हार घातला, आणि आम्ही तिघी त्या हाराच्या बाजूनंच बाहेर पडलो, कारण फाटक एकच होतं. मंदा चालता चालता थांबली आणि म्हणाली, "त्याच्यापेक्षा हा सुभाष मोठा मारेकरी."

आणि मग दोन-तीन वर्षांनी, उन्हाळ्यात, सुभाषची बायको त्यांच्या दारात आली. सुभाषला उचललं होतं. कुठल्याशा कॅनॉलवरची लोखंडी दारं गेली होती म्हणे. योगायोगानं मी तिथं होते, आम्ही दुपारचं जेवत होतो. ती बाई उंबऱ्याच्या आत आली नाही. अंगणातच उभी राहून म्हणाली, "ताई, मले तोंड नाई तुमच्याकडं याले. पन दुसरं कोनीच नाई." मंदा ताटावरून उठली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "जाय इथून! माह्या मानसाले गिळून बसला तो. मेला तं मरू दे." मग ती सिंधूताईंकडे वळली. "बाई, तुमी जर गेल्या, तं मी तुमची कोनी नाई. सांगून ठेवतो."

सिंधूताईंनी हात धुतला. बराच वेळ त्या मोरीपाशीच उभ्या होत्या... मला वाटलं, त्या जाणार नाहीत. खरं सांगायचं तर मलाही त्यांनी जावं असं वाटत नव्हतं. मग त्यांनी चपला घातल्या.

मी सोबत गेले. ठाण्यात नवीन अंमलदार होता, पण बाईंबद्दल ऐकून असावा. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "कोण लागतो तुमचा?" मी सिंधूताईंकडे बघितलं. ओठ हलत होते, पण तो एक शब्द बाहेर येत नव्हता. शेवटी म्हणाल्या, "कोनी नाई. माहा तो कोनी लागत नाई. पन मी बसतो." अंमलदार म्हणाला, असा कुणी माणूस आम्ही आणलेलाच नाही. त्या बसल्या. बाहेर लाह्या फुटाव्यात असं ऊन होतं. थोड्या वेळानं आतून खोकल्याचा आवाज आला आणि व्हरांड्याच्या टोकाशी उभी असलेली सुभाषची बायको म्हणाली, "त्याचाच आहे खोकला." तेवढं ऐकून मी कोर्टाकडे निघाले. दंडाधिकारी साहेब उठायच्या आत अर्ज दिला, की या माणसाला बेकायदा डांबून ठेवलं आहे. साहेबांनी ठाण्याकडून तातडीनं अहवाल मागवला. सिंधूताई संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. सकाळी पुन्हा गेल्या, तोवर सुभाषला कोर्टात आणायची धावपळ सुरू झाली होती. कागदावर त्याची अटक त्याच सकाळची दाखवली होती.

दंडाधिकाऱ्यांनी विचारलं, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" हा प्रश्न रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर रोज "नाही" असंच येतं. सुभाषच्या दोन्ही बाजूंना शिपाई होते. त्यानं मान वर केली. मागच्या भिंतीशी सिंधूताई उभ्या होत्या. त्यांनी काही खूण केली नाही, मी त्यांच्याकडेच बघत होते. तो म्हणाला, "साहेब, माहे तळपाय पाहा." आणि तिथंच खाली बसून त्यानं पाय पुढे केले.

पुढचं फार काही नाही. त्याला दवाखान्यात पाठवलं, जामीन झाला, आम्ही तक्रार केली. चौकशीत ठरलं की तो पळताना पडला. दोन शिपायांच्या बदल्या झाल्या. कॅनॉलच्या दारांच्या केसमधून तो सुटला, कारण ती केस उभीच राहू शकली नाही. चालायला लागल्यावर तो सिंधूताईंकडे आला. मंदानं आत जाऊन कडी घातली, सिंधूताई अंगणातच होत्या. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "ताई, तवा मी बोललो असतो तं..." सिंधूताईंनी त्याला मधेच थांबवलं. "तवा तू बोलला असता तं तू राह्यला नसता. ते मले माहीत आहे. पन मी तुले माफ केलं असं समजू नको. ते माह्याच्यानं नाई होत." तो मान हलवून निघून गेला. मी नंतर विचारलं, मग बसलात कशासाठी? त्या चिडल्याच माझ्यावर. "माफ केलं तरच बसाचं का? मंग तं मी माह्या आवडीच्या मानसासाठीच बसली असती. आत टाकल्यावर मानूस मानूस राहाले पाह्यजे, एवढंच आहे ते. तुले वकील कोनी केलं?"

मंदानं शब्द पाळला. त्या दिवसापासून ती वाढायची, कपडे धुवायची, औषध आणून ठेवायची, पण बोलायची नाही. सिंधूताईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पूर्ण वेळ ठाण्यांच्या मागे लागल्या. घरी आल्यावर मात्र त्या एखाद्या पाहुणीसारख्या वागायच्या. मी एकदा मध्यस्थी करायला गेले तर म्हणाल्या, "तिचं चुकत नाई. तिचा नवरा गेला. माहा भाऊच गेला फक्त." या वाक्याचा नीट अर्थ मला अजूनही लावता आलेला नाही. दोघींपैकी कोण बरोबर होतं, हे मला आजही विचारू नका.

मागच्या रविवारी मी मंदाला भेटायला गेले. ती पुढच्या खोलीत मशीनवर शिवत होती. वस्तीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून ती घराला हातभार लावते. तिनं चहा केला, आम्ही दोघी प्यायलो. तेवढ्यात अंगणात एक उतारवयाचा माणूस आला, धोतर धुळीनं भरलेलं. "बाई हायेत का? माह्या जावयाले उचललं सकाळी." बाईंचं त्याला कळलेलंच नव्हतं. मंदा दारात गेली. "बाई वारल्या." तो तसाच उभा राहिला, मग हळूच पायरीवर बसला. मी उठून चपला शोधू लागले. मंदा म्हणाली, "थांब जराशी," आणि आत गेली. मला वाटलं त्याला पाणी आणायला गेली असेल.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पायजमा होता. जाडसर कापडाचा, कोरा. "हा घेऊन जाय. तिथं चड्डीवरच ठेवते मानसाले. नाडी असली का आत घेत नाईत, फास लावते म्हन्ते. म्हनून याले इलास्टिक टाकलं." ती माझ्याकडे न बघता पायजम्याची घडी नीट करत होती. "बाईले हे मालूम नव्हतं. मी सांगतलं नाई कधी. हे आत होते तवा मी ठाण्यात गेलती, बाई शाळेत असताना. मागच्या खिडकीतून दिसले मले हे. अंगावर काहीच नाई, नुसती चड्डी. मले पाह्यलं अन् भिंतीकडं तोंड केलं त्यायनं... मग मी आवाजच नाई देल्ला." घडी माझ्या हातात देत म्हणाली, "बाई गेल्यावर शिवले. आनखी आहेत आत."

मंदा सोबत आली नाही. मी आणि तो म्हातारा ठाण्यात गेलो. अंमलदारानं पायजमा उलटा केला, झटकला, कमरेत बोट घालून इलास्टिक ओढून पाहिलं. त्याला हरकत घ्यायला काही सापडलं नाही. तो पायजमा घेऊन आत गेला. आतून कुणीतरी काहीतरी बोललं, शब्द कळले नाहीत. पण म्हाताऱ्यानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "त्याचाच आवाज आहे."